बारा नंबरच्या खिळ्यावरची चप्पल

आमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर, चपलांच्या रॅकच्या वर, भिंतीत दोन रांगांत खिळे ठोकलेत. प्रत्येक खिळ्याखाली लाल ऑइलपेंटने आकडा. आठ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. आणि त्यातल्या बऱ्याच खिळ्यांवर चप्पल लटकलेली असते. जोड नाही, एकच. नवीन कुरियरवाला आला की पार्सल तसंच हातात धरून आधी तिकडे बघत राहतो. एकाने तर काळजीने विचारलेलं, ताई, एवढी नजर लागते का तुमच्या घराला? मी म्हटलं, नजर नाही रे, हा आमच्या सासऱ्यांचा कायदा आहे, तू सही कुठे करू ते सांग.

कायदा असा. माझे सासरे ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि त्यांच्याकडे पत्र्याची एक हत्यारपेटी आहे. डोंबिवलीत आमची चाळ होती तेव्हापासून लोक त्यांच्याकडे पाना, पक्कड, हातोडी मागायला येतात. चाळ पाडून त्याच जागेवर सात मजली बिल्डिंग झाली, लिफ्ट आली, सगळ्यांच्या घरात टाइल्स चकचकायला लागल्या, पण हत्यार मागायला अजून आमच्याकडेच. तर ज्याला हत्यार हवं त्याने पायातली एक चप्पल काढून त्या नंबरच्या खिळ्यावर टांगायची, आणि हत्यार परत दिलं की चप्पल घेऊन जायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलेलं, कारखान्यातली रीत असेल. विचारलं नाही कधी.

आता लोक काय दूधखुळे आहेत? फेकून द्यायच्या चपला जपून ठेवतात आणि पाना हवा असला की त्यातली एक आणून टांगतात. म्हणजे त्यांची अडगळ आमच्या भिंतीवर आणि आमचा पाना त्यांच्या बाल्कनीत. मी हे सासऱ्यांना दहादा सांगून झालं. ते म्हणतात, कायदा तो कायदा. पुढे बोलायची सोय नाही.

मी कल्याणच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. जायला-यायला म्हणून मागच्या दिवाळीनंतर मी स्कूटर घेतली. नवरा पुण्याला नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा येतो, म्हणून शोरूमला सल्लागार म्हणून सासरेच आले. त्यांनी गाडी बघितलीच नाही. वाकून मागच्या चाकाशेजारची साडीगार्ड बोटाच्या पेराने वाजवून बघितली आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, हा पत्रा आहे, काढून घ्या. मग मागचा हँडल हलवून बघितला, तोही काढायला लावला. लेडीज फूटरेस्ट तर त्यांनी हातात घेऊन मला दाखवली, मी जणू तपासायला आलेली साहेब. आपण चांगलं सामान आणू आणि घरी बसवू, म्हणाले. लोक नव्या गाडीला हार घालून घरी आणतात. आम्ही तिचे दागिने उतरवून आणली.

एवढी काळजी कोणाची, तर सासूबाईंची. सासूबाईंना टिटवाळ्याला न्यायचं होतं. तिथे त्यांची मोठी बहीण राहते, एका नव्या बिल्डिंगच्या पाचव्या मजल्यावर, आणि दोघींची दोन वर्षांत भेट नाही. सासूबाईंच्या गुडघ्याला स्टेशनचे जिने झेपत नाहीत. एसी गाडीत बसलं की वासाने उलटी होते. रिक्षावाला टिटवाळा म्हटलं की मान फिरवतो. आणि फोन म्हणाल तर मावशींना आता जवळजवळ ऐकूच येत नाही. या इकडून विचारायच्या, जेवलीस का, आणि तिकडून उत्तर यायचं, हो, कालच बदलला. मी आधी हसायचे. मग एकदा बघितलं, सासूबाई फोन ठेवून कितीतरी वेळ फोनकडे नुसत्या बघत बसल्या होत्या. त्या दिवशी मी ठरवलं की या रविवारी यांना बहिणीसमोर नेऊन बसवायचंच.

अडचण एकच. सासूबाई दुचाकीवर बसत नाहीत. चाळीस वर्षांत बसलेल्या नाहीत. त्याची गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सासरे सांगतात. माझा नवरा तेव्हा तीन वर्षांचा होता, त्याला शेजारी ठेवून हे दोघं स्कूटरवरून ठाण्याला कोणाकडे तरी गेले होते. ठाण्यात खोपटला पेट्रोल भरायला थांबले. स्कूटरची टाकी सीटखाली, त्यामुळे मागच्याला उतरावंच लागतं. सासूबाई उतरल्या. सासऱ्यांनी पेट्रोल भरलं, किक मारली आणि निघाले. आणि पुढे पार माजिवड्यापर्यंत ते त्यांच्याशी बोलत होते! घराला रंग कुठला द्यायचा, यावर. बायको एका शब्दाने विरोध करत नाही म्हणून खूश होते. माजिवड्याला मागे वळून बघतात तर सीट रिकामी. इथे सगळं लग्न हसतं. सासूबाई तेवढ्यात आत पाणी आणायला जातात.

तेव्हापासून सासऱ्यांना एक सवय लागली. कुठल्याही वाहनात ते विचारतात, बसलीस का? रिक्षात विचारतात, एसटीत विचारतात, एकदा जत्रेतल्या पाळण्यातही विचारलेलं. सासूबाई दरवेळी तोंड फिरवून म्हणतात, दिसत नाही का. आम्ही सगळे समजून होतो की बाईंचा राग चाळीस वर्षं टिकलाय. त्यांचा राग म्हणजे लोणचं, जितका जुना तितका चांगला, असं माझा नवरा म्हणतो.

तर सामान आलं. जाड सळईची साडीगार्ड, रुंद फूटरेस्ट, पाठीला टेकायला गादी असलेला हँडल, आणि एक जादा आरसा. आरसा कशाला, विचारलं तर सासरे म्हणाले, हा डाव्या आरशाच्या दांड्यावर बसवायचा आणि फक्त मागच्या माणसाकडे वळवायचा. म्हणजे चालवणाऱ्याला मागे माणूस आहे की नाही ते दिसत राहतं. मी म्हटलं, बाबा, मला मागे माणूस आहे ते कळतं. ते म्हणाले, मलाही कळायचं.

शनिवारी माझी अर्धी शाळा. दुपारी पार्किंगमध्ये आम्ही चटई अंथरली. सासऱ्यांनी स्टीलची सहा ताटं मांडली, एकेका ताटात एकेक वस्तूचे नटबोल्ट, काढलेल्या क्रमाने. लिफ्टला उभे असलेले लोक जेवायला काय आहे म्हणून विचारून गेले. मग ते सामानाबरोबर आलेले वॉशर चष्म्यावर चष्मा लावून बघत बसले आणि म्हणाले, हे चालणार नाहीत, मी हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रिंग वॉशर घेऊन येतो. तोवर तू वर जाऊन बारा नंबरचा रिंग पाना आण. आणि कशाला हात लावू नकोस.

वर आले. पेटीत बारा नंबरची जागा रिकामी. बाहेर येऊन बघितलं तर बारा नंबरच्या खिळ्यावर, दाराच्या मागे जाईल अशा बेताने, एक चप्पल. बायकांची, चामड्याची, तपकिरी, अंगठ्याजवळचा पट्टा तुटलेला आणि त्यात गंजलेली सेफ्टी पिन. इतकी जुनी चप्पल मी भिंतीवरही बघितली नव्हती. माझं डोकंच फिरलं. बिल्डिंगमधल्या कोणीतरी बाईने माळ्यावरचा कचरा आणून टांगला आणि ऐन वेळी पाना पळवला.

मी ती चप्पल घेऊन दारोदार फिरले. सात मजले. पाना कोणाकडे आहे हे कोणी सांगेना, पण चप्पल बघून प्रत्येकाला काहीतरी आठवत होतं. दुसऱ्या मजल्यावर आमचा तेराचा पाना सापडला, त्याने ते नारळ सोलत होते. सहाव्यावर हातोडी सापडली, ती आमची आहे हे ते विसरले होते. बारा नंबर कुठेच नाही. शेवटी मी चपलेचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, ही चप्पल कोणाची? चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी फोटो न उघडताच खाली लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. ते बघून आणखी सातजणांनी श्रद्धांजली वाहिली. एकाने विचारलं, कधी झालं? सासूबाईपण त्या ग्रुपवर आहेत. त्यांनी गुलाबाचं फूल पाठवलं.

पार्किंगमध्ये परत आले तेव्हा माझं टाळकं सणकलेलं होतं. सासऱ्यांचा पत्ता नाही. समोर बोल्ट. एवढासा बोल्ट, तो निघाला की फूटरेस्टची पट्टी बसणार. वर्गात तरफ शिकवताना मी दरवर्षी सांगते, मुलांनो, कामाला योग्य साधन वापरा. ती मी, पक्कड घेतली आणि बोल्टला लावली. सटकली. पुन्हा लावली, दोन्ही हातांनी दाबली, गाडीला पाय लावला. चर्र करून आवाज आला आणि मला वाटलं, निघाला. निघाला नव्हता. त्याच्या डोक्याचे सहाच्या सहा कोपरे निघाले होते.

सासरे आले. वॉशरची पुडी खिशात, तोंडात वेलची. खाली वाकले आणि चघळायचे थांबले. ते मला कधी ओरडत नाहीत, त्या दिवशीही ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, गोल केलास. मला इतकी लाज आठवीतही वाटली नव्हती. म्हणून मी उलट चिडले. सगळं त्या बाईवर ढकललं, म्हटलं, तुमचा तो कायदा, तुमच्या त्या चपला, ही बघा काय टांगून गेली कोणीतरी. आणि गाडीच्या हुकाला अडकवलेली चप्पल त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उलटी केली. पट्टा बघितला, पिन बघितली. मग बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि म्हणाले, ही तुझ्या सासूची आहे. खोपटची.

मग कळलं की लग्नातल्या गोष्टीत एक तुकडा कधी येत नाही. पंपावर उतरताना सासूबाईंच्या चपलेचा पट्टा तुटला होता. त्या बाजूला बसून त्यात पिन लावत होत्या, तेवढ्यात हे निघून गेले. पिशवी स्कूटरच्या हुकाला, पैसे पिशवीत. कोकणातल्या गावाहून येऊन त्यांना चार वर्षं झालेली, आजूबाजूला एक माणूस ओळखीचं नाही. आणि त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं. आम्ही वर गेलो तेव्हा चप्पल सासऱ्यांच्या हातात होती.

सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. सासऱ्यांनी चप्पल पुढे केली. कायद्याप्रमाणे.

"बारा नंबर दे," ते म्हणाले.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पाना काढला. बघा, चोरी केली तीही चप्पल टांगून. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते जागीच विरलं. पाना त्यांनी दिला नाही, पदराने पुसत राहिल्या.

"सगळ्यांना वाटतं मला राग आहे. राग नाही हो. मला वाटलं, तुम्ही टाकून गेलात मला. पाऊण तास मला तसंच वाटत होतं. तेव्हापासून गाडीवर बसायचं म्हटलं की तेच येतं मनात."

सासरे त्यांची ती नेहमीची गोष्ट सुरू करणार होते, पेट्रोल भरलं आणि, इथपर्यंत आलेही. मग थांबले. चप्पल दोन्ही हातांत फिरवत राहिले, नट तपासतात तशी.

"मी परत आलो तेव्हा तू तिथेच होतीस," ते म्हणाले. "मी विचारलं, कुठे गेली कशी नाहीस? तू म्हणालीस, एका चपलेवर कुठे जाणार. ते डोक्यात बसलं माझ्या. ज्याने परत यावं असं वाटतं, त्याची एक चप्पल ठेवून घ्यायला लागलो."

स्वयंपाकघरात कोणी कांदा चिरत नव्हतं, तरी मला नाक पुसावं लागलं. इतकी वर्षं त्या भिंतीला मी नावं ठेवली. सासूबाईंनी पाना त्यांच्या हातात दिला, चप्पल घेतली आणि म्हणाल्या, रविवारचं बघू, आधी नीट घट्ट बसवा सगळं.

पण बारा नंबर आता बसणार कशावर? बोल्ट मी गोल केलेला. सासऱ्यांनी कानस काढली आणि चटईवर कुशीवर झोपून त्या बोल्टचं डोकं सगळ्या बाजूंनी थोडं थोडं घासलं. बाराचा अकरा केला. दीड तास. आणि अकरा नंबरचा पाना जेव्हा त्यावर टक्कन बसला, तेव्हा ते माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. म्हणजे आम्ही ज्याच्यासाठी सात मजले आणि चाळीस वर्षं फिरून आलो, तो बारा नंबर शेवटी लागलाच नाही. सासूबाई खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. प्रत्येक बोल्टनंतर विचारायच्या, आवळलात का? आणि सासरे म्हणायचे, दिसत नाही का. संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की चप्पल मिळाली, कोणी गेलेलं नाही. त्यावर दोघांनी अभिनंदन केलं.

रविवारी सकाळी सासूबाई हिरवी साडी नेसून खाली आल्या. डोक्यावर हेल्मेट, हातात कापडी पिशवी, पिशवीत बहिणीसाठी मेथीचे पराठे. सासरे आधीच म्हणाले होते, दोघी बहिणींच्या मध्ये मी कशाला. त्यांनी सगळे बोल्ट पुन्हा एकदा हाताने चाचपले आणि तो तिसरा आरसा वळवून दिला. सासूबाई गाडीशी आल्या आणि उभ्याच राहिल्या. मी गाडी सुरू करून बसलेली. मिनिट झालं, दोन झाली. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. तर त्या पुढे आल्या आणि माझ्या पायाकडे बोट दाखवलं.

"एक चप्पल दे तुझी."

मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली, कायदा तो कायदा. मी डाव्या पायातली चप्पल काढून दिली, त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पराठ्यांच्या बाजूला ठेवली, साडी सावरली, फूटरेस्टवर पाय ठेवला आणि चढल्या. सासऱ्यांनी विचारलं, बसलीस का? उत्तराऐवजी पाठीमागून माझा कुडता मुठीत धरला गेला.

डोंबिवलीपासून मी एका अनवाणी पायाने गाडी चालवत होते. कल्याणच्या पत्रीपुलावर ट्रॅफिकमध्ये पाय खाली टेकला तर शेजारचा रिक्षावाला पायाकडे बघून म्हणाला, मॅडम, पडली वाटतं मागे? मी म्हटलं, नाही, मागेच आहे. आरशात सासूबाईंचं हेल्मेट दिसत होतं आणि त्यात मिटलेलं तोंड. शहाड गेलं. आणि मग गाडीच्या काट्याने मान टाकली. नवीन गाडी, सासऱ्यांनी एकेक बोल्ट तपासला, पेट्रोल कोणी बघितलं नव्हतं. आज पंप नको होता.

पंपावर वळले. सासूबाईंना सांगावं लागलं नाही, त्यांना माहीत होतं की उतरावं लागतं. उतरल्या. बाजूला, चार पावलांवर, पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या. मी सीट उघडली, पेट्रोल भरलं, झाकण लावलं. ऊन तापलं होतं, जमिनीवर पाय ठरेना, मी एका पायावर नाचत होते आणि पंपावरचा माणूस तोंड दुसरीकडे करून हसत होता. मागे एक बाईकवाला हॉर्न वाजवायला लागला. मी त्याला जे बोलले ते आठवीला शिकवता येणार नाही.

गाडी सुरू केली आणि आरशात बघितलं. सासूबाई अजून खालीच. त्यांनी पिशवीत हात घातला, माझी चप्पल काढली, पुढे आल्या आणि ती माझ्या पायाशी ठेवली. घाल, म्हणाल्या, पाय भाजतोय तुझा.

मी चप्पल घातली. आता दोन्ही चपला माझ्या पायांत होत्या, गाडी चालू होती, टाकी भरलेली होती आणि सासूबाई पंपावर जमिनीवर उभ्या होत्या. मी ब्रेक इतका घट्ट दाबला की बोटं पांढरी पडली. आरशात साडीचा हिरवा काठ वर आला, मग हेल्मेट आलं. गाडी थोडी खाली दबली. कुडता कोणी धरला नाही. मी विचारायला तोंड उघडलं, त्याच्या आधी मागून आवाज आला.

"बसले. चल."